घैसाससरांची श्रवणसंध्या

रुपेश घैसास हा सज्जन माणूस आहे असं दुबईतली निदान तीस-चाळीस मराठी कुटुंबं छातीठोकपणे सांगतील. मी सांगणार नाही. गेली अकरा वर्षं मी त्याच्या ऑफिसात ॲडमिनचं काम करते. तोंडावर मी त्याला सर म्हणते, कारण माझा व्हिसा त्याच्या कंपनीचा आहे. कागदावरही सर म्हणायची सक्ती अजून कुणी केलेली नाही.

त्याचा धंदा म्हणजे लोकांची ऑफिसं आतून सजवून देणं. जिप्समचं सीलिंग, काचेची पार्टिशनं, कार्पेट, दिवे. बेचाळीस कामगार, तीन सुपरवायझर, एक ड्रायव्हर आणि मी. ऑफिस बर दुबईत, घर अल मनखूलला, चालत दहा मिनिटांवर. बायको कमलिनी घरीच असते, मुलगी पर्णिका अकरावीत आहे. गणपतीत तो मंडळाची सजावट फुकट करून देतो आणि स्टेजवरून आभार मानेपर्यंत पहिल्या रांगेतून हलत नाही. इथपर्यंत तो चारचौघांसारखाच आहे. तसाच राहिला असता तर मला त्याचा एवढा तिटकारा आला नसता.

पण घैसासला हिपहॉप आहे. काहींना मधुमेह असतो, तसं.

साधं हिपहॉप नव्हे. क्लबात वाजतं त्याचं नाव काढलं तरी तो नाक मुरडतो. त्याला लागतात सत्त्याऐंशी ते अठ्ठ्याण्णव या काळातले ‘समाजभान असलेले’ अल्बम. शब्द त्याचाच. अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांमधल्या पोरांनी पोलिसांच्या दंडेलीवर, पडक्या शाळांवर, घराबाहेर काढलेल्या कुटुंबांवर, तुरुंगात कुजणाऱ्या बापांवर जीव तोडून बोलून ठेवलेले अल्बम. अठ्ठ्याण्णवनंतर म्हणे सगळं नासलं. गाणारे गाड्यांबद्दल आणि सोन्याच्या साखळ्यांबद्दल बोलायला लागले. हे तो आम्हाला स्वतःच्या पांढऱ्या लँड क्रूझरमध्ये बसून सांगतो.

हे दुखणं त्याला सांगलीच्या इंजिनिअरिंग हॉस्टेलात लागलं. रूममेटचा काका न्यू जर्सीला होता, त्याने सहा कॅसेट पाठवल्या. “त्या सहा कॅसेटींनी माझं आयुष्य बदललं,” असं घैसास दर वेळी म्हणतो आणि दर वेळी त्याच जागी थांबून समोरच्यांकडे बघतो. काय बदललं ते मी खूप शोधलं. डिग्री झाल्यावर तो चुलतभावाच्या कंपनीत चिकटला, कांदेपोहे खाऊन लग्न केलं, दोन हजार दोन साली दुबईला आला, सात वर्षांनी स्वतःची कंपनी काढली. कॅसेट न ऐकणारी माणसंसुद्धा अगदी एवढंच करतात.

या माणसांबद्दल, म्हणजे त्या गाणाऱ्यांबद्दल, माझं काहीच म्हणणं नाही. अकरा वर्षांत मीही बरंच ऐकलं. ती पोरं खरी होती. एक बाई तर असं ठासून बोलते की स्वयंपाक करतानाही माझे हात थांबतात. चूक त्यांची इतकीच की त्यांची रेकॉर्ड कोण विकत घेईल यावर त्यांचा ताबा नव्हता.

तर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता, घैसासच्या हॉलमध्ये ‘श्रवणसंध्या’ भरते. दोन डॉक्टर, एक सीए, एक जण अबुधाबीच्या बँकेतला, दीड तास गाडी हाकत येणारा, आणि त्यांच्या बायका. सुरुवातीला रेकॉर्ड हातात घेऊन तिचं कौतुक होतं. “हे ओरिजिनल प्रेसिंग, पहिल्या छपाईचं. सहाशे दिरहम. म्हणजे किती रे? चौदा-साडेचौदा हजार रुपये,” असं तो स्वतःलाच विचारून स्वतःच सांगतो. मग साबुदाणावडे. मग नियम. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा. मधे कुणी बोलायचं नाही, उठायचं नाही. “गाणं तोडणं म्हणजे माणसाला वाक्य पुरं न करू देणं,” हे त्याचं तत्त्वज्ञान. फोन सायलेंट करून दाराजवळच्या पोळ्यांच्या डब्यात टाकायचे. स्टीलचा, मोठा डबा. कमलिनीने लग्नात आणलेला.

शिवाय प्रत्येकाला कागद मिळतात. घैसासने केलेलं शब्दांचं मराठी भाषांतर. ते मी टाइप करते, मीच स्टेपल करते आणि मीच वाटते, म्हणून मलाही हजर राहावं लागतं. ते सगळे त्याला आमंत्रण म्हणतात, मला तो हुकूम असतो. भाषांतरात तिथली पोरं एकमेकांना ‘हे बंधो’ अशी हाक मारतात. मधे मधे कंसात सूचना असतात. (इथे डोळे मिटावेत.) (इथे क्षणभर स्वतःच्या आयुष्याकडे पाहावं.) लोक खरंच डोळे मिटतात. मी एकदा मोजले होते, अकरापैकी दहा जोड्या मिटलेल्या होत्या.

पर्णिकाला हे सगळं माहीत आहे. “बाबा, इट्स सो क्रिंज,” एवढं बोलून ती खोलीचं दार लावून घेते. घरातलं तेवढं एकच माणूस मला पटतं.

आता वलीबद्दल सांगते. वली परकार आमचा ड्रायव्हर. श्रीवर्धनकडचा, चोपन्न वर्षांचा. सोळा वर्षं कंपनीत आहे, म्हणजे माझ्याही आधीपासून. सकाळी माल, दुपारी माणसं आणि संध्याकाळी घैसास, असं सगळं तोच वाहतो. गाडीत दिवसभर तेच अल्बम चालू असतात आणि घैसास मागच्या सीटवरून अर्थ सांगत असतो. दुबईत या संगीताचं इतकं शिक्षण वलीएवढं कुणाचंच झालं नसेल. मी एकदा विचारलं, “वलीभाई, डोकं दुखत नाही का हो?”

“रागावलेली माणसं आहेत, ताई,” तो म्हणाला. “खरं बोलत असणार. खोटं बोलणाऱ्याला एवढी घाई नसते.”

त्याची आई जैनब गावी होती. शहाऐंशी वर्षांची. बायको तिचं सगळं करायची, पण रोज दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर वलीचा फोन गेल्याशिवाय म्हातारी चहा प्यायची नाही. मी ऑफिसात असताना कित्येकदा ऐकलंय. तो आईशी बोलताना चोपन्न वर्षांचा वाटायचा नाही. तिची एकच रट असायची, मी गेले की तू ये, तुझ्या हातची माती मिळू दे. तो म्हणायचा, येतो, इन्शाल्ला, पण इतक्यात जाऊ नकोस.

ती माती मिळणं ज्या कपाटावर अवलंबून होतं, ते माझ्या टेबलामागे आहे. करडं, लोखंडी, हातभर उंचीचं. आत सत्तेचाळीस पासपोर्ट. पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडेच असला पाहिजे, तो कंपनीने ठेवायचा नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आम्ही एक फॉर्म केलाय. ‘मी माझा पासपोर्ट सुरक्षिततेसाठी स्वखुशीने कंपनीकडे ठेवत आहे.’ प्रत्येक माणूस आल्या दिवशी सही करतो. कुणी विचारलंच तर घैसास म्हणतो, “अरे, कामगारांच्या कॅम्पात हरवतात रे, मी सांभाळतो.” फॉर्म मी टाइप केलाय. हिंदीतही मीच केलाय. कपाटाला दोन किल्ल्या, एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. पासपोर्ट बाहेर काढायचा तर कारण लिहायचं आणि त्यावर सरांची सही घ्यायची. माझा स्वतःचा पासपोर्टही तिथेच आहे, वरून तिसरा.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी सत्त्याण्णव सालचा एक डबल अल्बम होता. दोन रेकॉर्डी, चार बाजू, पावणेदोन तास. घैसास आठवडाभर आधीपासून अंगात आल्यासारखा वागत होता. पाच वाजून दहा मिनिटांनी सगळे फोन डब्यात गेले आणि सुई टेकली.

पहिली बाजू अर्धी झाली असेल, डब्यात एक फोन थरथरायला लागला. स्टीलच्या डब्यात तो आवाज भलताच होतो. थांबला. पुन्हा सुरू झाला. मग दुसरा एक थरथरला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. घैसास उठला. मला वाटलं, डबा उघडतोय. त्याने सोफ्यावरची उशी उचलली, डब्यावर ठेवली, वरून दाबली आणि जागेवर येऊन डोळे मिटले.

ते वलीचे फोन होते. सहा घैसासच्या मोबाइलवर, चार माझ्या.

साडेपाचनंतर बेल वाजली. कमलिनीने दार उघडलं, बाहेर काहीतरी बोलणं झालं आणि ती चवड्यांवर चालत आत आली. मी तिच्या नवऱ्याच्या शेजारच्याच खुर्चीत होते, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकला. “वलीची आई गेली. भाच्याने तिकीट काढलंय, पावणेनऊचं विमान. उद्या सकाळी माती आहे. पासपोर्ट मागतोय.”

घैसासने डोळे न उघडता तळहात वर केला. थांब. बाजू संपू दे.

कमलिनी गेली. तिने वलीला पाणी दिलं असेल, पॅसेजमध्ये चपलांच्या स्टुलावर बसवलं असेल. पहिली बाजू संपली. घैसास उठला, रेकॉर्ड दोन्ही हातांनी उलटी केली, मऊ ब्रशने पुसली. कमलिनी दारातून काही बोलणार तोच त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि दुसरी बाजू सुरू केली. बाजू बदलतानाही बोलायचं नसतं. नियमच आहे.

आणि मी? माझी पर्स मांडीवर होती, पर्समध्ये किल्ली होती. उठायचं, चपला घालायच्या, दहा मिनिटं चालायचं, कपाट उघडायचं. सही नव्हती, पण सहीने कुलूप उघडत नाही. आधी वाटलं, आता उठेलच हा. मग वाटलं, अकरा माणसांसमोर तो काय बोलेल. मग आठवलं, एप्रिलमध्ये माझा व्हिसा रिन्यू व्हायचाय. मी मूग गिळून बसले. घाबरले, याला दुसरा शब्द नाही. घैसासला नावं ठेवायला मी इतकी पानं खर्च केली, त्यात हे एक वाक्य माझ्या नावावर राहू दे.

चौथ्या, शेवटच्या बाजूला माझ्याच हातच्या कागदावर लिहिलं होतं, ‘कवी दवाखान्याच्या पायरीवर बसला आहे. त्याला आत कुणी घेत नाही. (इथे डोळे मिटावेत.)’ डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. सीएच्या बायकोने हुंदका दिला. पॅसेजमधूनही एक हुंदका आला, तो कुणी ऐकला नाही.

ऐकला तो पर्णिकाने. ती पाणी प्यायला खोलीबाहेर आली होती. पॅसेजपाशी थबकली आणि मग हॉलच्या मधोमध येऊन भसाड्या आवाजात म्हणाली, “बाबा, वली अंकल इज क्राइंग आउटसाइड. हिज मदर डाइड. इज एनीवन लिसनिंग?”

“पर्णिका, साइड संपतच आलीय,” घैसास कुजबुजला.

तिने भिंतीतला प्लग ओढून काढला. आवाज खोल जात जात बसला. तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती.

घैसास उठला तो आधी सुईकडे धावला. ओरखडा गेलाय का बघितलं. मग बायकोवर डाफरला, “अगं, मला नीट सांगायचं ना! मला वाटलं उद्याचं विमान आहे.” मग पॅसेजमध्ये जाऊन त्याने वलीच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही तिघं ऑफिसात गेलो. घैसासने मला फॉर्म भरायला लावला. ‘कारण’ या रकान्यात मी ‘आईचं निधन’ लिहिलं, त्याने वाचून सही केली, तारीख टाकली. “यल्ला, यल्ला, पळ आता,” म्हणाला. वली टॅक्सीत बसला तेव्हा साडेसात वाजून गेले होते. काउंटर पावणेआठला बंद झाला. तो पोचला आठ वाजून दहा मिनिटांनी.

पुढचं विमान पहाटे साडेचारचं मिळालं. गावी सगळे दुपारच्या, जोहरच्या नमाजापर्यंत थांबले. उकाडा होता, त्याहून जास्त थांबता येईना. दुपारी तीन वाजता वली श्रीवर्धनला पोचला तेव्हा माती होऊन दीड तास झाला होता.

बारा दिवसांनी तो परतला. तोवर घैसासला मोठा पश्चात्ताप झाला होता. खोटा नव्हता तो, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. त्याने व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लांबलचक लिहिलं की आपण सगळे किती बहिरे झालो आहोत. यातल्या ‘आपण सगळे’वर सोळा जणांनी हात जोडले. मार्चची श्रवणसंध्या त्याने ‘वलीभाईंच्या मातोश्रींना’ अर्पण केली आणि वलीला सोफ्यावर मधोमध बसवलं. घैसासला सोळा वर्षं तो नुसता वली होता, त्या दिवशी भाई झाला. हातात कागद, समोर साबुदाणावडा. वलीने दोन्ही गोष्टी मांडीवर धरून ठेवल्या आणि पूर्ण अल्बम ताठ बसून ऐकला. रमजान चालू होता, हे वडा देणाऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं.

शेवटी घैसासने ओलावलेल्या डोळ्यांनी विचारलं, “काय वाटलं, वलीभाई?”

“आवाज चांगला आहे, सर,” वली म्हणाला. “गाडीत एवढा येत नाही.”

सगळ्यांनी फार मोठं काही ऐकल्यासारख्या माना हलवल्या. पर्णिका त्या दिवशी घरीच नव्हती. मैत्रिणीकडे गेली होती म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात घैसासचा मेसेज आला. ‘वलीभाईंचा पासपोर्ट जमा करून घे. प्रोसीजर.’ सोबत जोडलेले हात.

वलीला सांगावं लागलं नाही. तो आला आणि पासपोर्ट टेबलावर ठेवून उभा राहिला. मी रजिस्टर उघडलं.

“त्या दिवशी तुम्ही आत होतात, मॅडम,” तो म्हणाला. अकरा वर्षं तो मला ताई म्हणत होता.

“होते.”

“किल्ली होती?”

“होती.”

त्याने मान हलवली. आवाज चढवला असता, शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. मी रजिस्टरात त्याच्या नावापुढे ‘जमा’ असं लिहिलं, दाराकडे एकदा बघितलं आणि पासपोर्ट त्याच्याकडे सरकवला. “तुमच्याकडेच ठेवा,” मी हळूच म्हटलं. “सर कधी उघडून बघत नाहीत. कुणाला कळणार नाही.” अकरा वर्षांतलं माझं सगळं धाडस तेवढंच.

वलीने पासपोर्ट उचलला. फोटोचं पान काढून थोडा वेळ बघितलं आणि मिटला.

“आता मला कुठे वेळेवर पोचायचंय, मॅडम,” तो म्हणाला, आणि पासपोर्ट माझ्या हातात देऊन गाडी काढायला गेला.